वारा आणि सागर कोणाची आज्ञा मानतात?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात गालील सरोवरातील वादळाचा प्रसंग आहे. तारू पाण्याने भरू लागते. येशू मागील बाजूस उशीवर निजलेला असतो. शिष्य त्यास जागे करतात, तो वाऱ्यास धमकावतो आणि सरोवर निवते. शिष्यांना वादळाइतकेच त्या शांततेचेही भय वाटते. प्रसंग अल्पाक्षरी व प्रभावी आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो.

त्यामागील विचार मात्र तपासला पाहिजे. जुन्या करारातील स्तोत्रसंहिता व ईयोबाचा ग्रंथ यांत समुद्रास मर्यादा घालणे हे परमेश्वराचे कार्य मानले आहे. तेच कार्य येशूकडून करवून मार्क त्याचा अधिकार सिद्ध करतो. निसर्ग नियमाने नव्हे, तर आज्ञेने चालतो, हे या कथेचे गृहीतक होय. ते मान्य केल्यास जे बुडाले त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

लूकच्या तेराव्या अध्यायात या प्रश्नाला स्पर्श झाला आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली. ती इतरांहून अधिक अपराधी नव्हती, असे येशू म्हणतो. हे वचन थोर आहे. परंतु लगेच तो पश्चात्तापाचा इशारा देतो. बुरूज का कोसळला, हे विचारीत नाही.

आम्हांस ते विचारणे भाग आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री बिबवेवाडीपासून जवळच असलेल्या आंबिल ओढ्यास पूर आला. भिंती कोसळल्या, अनेकांचे प्राण गेले. पाऊस मोठा होता. पण पात्र अरुंद झाले होते आणि त्यात बांधकामे उभी होती. ही कारणे माणसाची आहेत. म्हणून उपायही माणसाचाच.

दीघनिकायातील केवट्ट सुत्तात एक गृहस्थ तथागतांना विनवतो की, नालंदेत भिक्खूकडून चमत्कार करवावेत. तथागत ऋद्धिप्रातिहार्य नाकारतात. उपदेशाचे प्रातिहार्य तेवढे श्रेष्ठ मानतात. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात तर ते ऋतुपालटासही दुःखाचे एक कारण म्हणतात. सारे पूर्वकर्मावर ढकलीत नाहीत.

परंतु दुसऱ्याच्या घरातील धूळ दाखविताना आपले अंगण झाकता येणार नाही. उरुवेल काश्यपासमोर पुराचे पाणी मागे सारून तथागत कोरड्या भूमीवर चालले, अशी कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. तिलाही आम्ही हीच कसोटी लावतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धाला मोक्षदाता नव्हे, मार्गदाता म्हटले, ते याच कसोटीने.

ही चिकित्सा म्हणजे ख्रिस्ती बांधवांचा अवमान नव्हे. पंडिता रमाबाईंनी बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. परमेश्वराच्या आज्ञेवर त्यांची अढळ श्रद्धा होती. तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात त्या पाऊस पडण्याची वाट पाहत बसल्या नाहीत. मध्य प्रांतातील निराधार मुलींना त्यांनी केडगावी आणून आश्रय दिला. तेथे वाऱ्याने कोणाची आज्ञा मानली नाही. एका स्त्रीने करुणेची मानली. त्या ठिकाणी त्यांची वाट आमच्या वाटेला मिळते.