भैरवीआधी उठणारे श्रोते

मैफल संपत आली की गायक पुन्हा एकदा तंबोऱ्याच्या खुंट्या चाचपतो, तबलजी पाण्याचा घोट घेतो आणि सभागृहाच्या मागच्या रांगांत पिशव्यांची खुसफूस सुरू होते. उठणारी ही माणसे कंटाळलेली नसतात. ती मीरा रोड, भाईंदर, वसई, विरारची असतात. भैरवीचा पहिला स्वर लागतो तेव्हा ती पायऱ्या उतरत असतात आणि दाराच्या फटीतून येणारा कोमल ऋषभ कानात घेऊन स्टेशनकडे पळतात. मी त्यांच्यातलाच. चर्चगेट ते भाईंदर हे अंतर त्रेचाळीस किलोमीटर, धीम्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास, पुढे रिक्षा मिळेल तशी. गेल्या पंचवीस वर्षांत मैफली पुष्कळ ऐकल्या, भैरव्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्या.

हिंदुस्थानी संगीताची आजची स्थिती हा विषय निघाला की चर्चा गाणाऱ्यांवरच होते. घराणी उरली का, नव्या पिढीत दम आहे का, जुन्यांसारखे कोणी होईल का. माझ्या मते गाणाऱ्यांची चिंता करण्याचे कारण नाही. तिशी-पस्तिशीतले कितीतरी गायक-वादक आज इतक्या तयारीचे आहेत की त्यांचा एक राग नीट ऐकायला मिळाला तरी आठवडा बरा जातो. प्रश्न आहे तो त्यांना ऐकायचे कुठे, किती वाजता आणि किती जवळून, याचा. या तीन गोष्टींनी गेल्या दोन-तीन दशकांत गाणेच बदलत आणले आहे, आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही.

आधी वेळेचे पाहू. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची कडक अंमलबजावणी सांगितली आणि उघड्या मैदानावरच्या रात्रभराच्या मैफली संपल्या. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी उजाडेपर्यंत चालत असे. शाल गुंडाळून, थर्मासमधला चहा पीत, सतरंजीवर डुलक्या काढत ऐकलेला पहाटेचा ललत आज साठी ओलांडलेल्यांच्या आठवणीत तेवढा आहे. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या झोपेपुढे कोणाचाही मालकंस मोठा नाही. पण परिणाम काय झाला, हे तरी मोजले पाहिजे.

बहुतेक मैफली संध्याकाळी साडेसहाला जाहीर होतात, सातला सुरू होतात आणि दहाच्या आत आटोपतात. बंद सभागृहांना हा नियम तसा लागू नाही, तरी सवय तीच पडली. आता रागांचे घड्याळ या तीन तासांवर ठेवून पाहा. पूरिया धनाश्री, यमन, शुद्ध कल्याण, बिहाग, बागेश्री, फार तर केदार. चांगल्या श्रोत्याच्या वाट्याला हे राग पुन्हापुन्हा येतात. मारव्याची वेळ दीपप्रज्वलनात जाते. दरबारी आणि अडाणा लवकर उरकले जातात किंवा येतच नाहीत. तोडी, जौनपुरी, देसकार, शुद्ध सारंग, मुलतानी, परज, ललत, भटियार यांचे काय? आठ प्रहरांच्या संगीतातला जेमतेम एक प्रहर आपण ऐकतो आणि त्यालाच सगळे संगीत समजतो. तीस वर्षांच्या एका जाणकार मित्राला मी विचारले, समोर बसून गायलेला मुलतानी कधी ऐकलास? त्याने आठवून आठवून सांगितले, एकदा, एका कार्यशाळेत. ध्वनिमुद्रणे त्याच्याकडे ढीगभर आहेत. पण दुपारच्या उन्हाची तिरीप खिडकीतून सतरंजीवर पडली आहे आणि गायक कोमल गंधारावर रेंगाळतो आहे, हा अनुभव मोबाइलमध्ये साठवता येत नाही.

मुंबईत काही संस्थांनी यावर मनापासून काम केले आहे. प्रभादेवीत रविवारी सकाळी ‘प्रातःस्वर’च्या मैफली झाल्या आणि लोक अंघोळी करून, पहिली गाडी पकडून तिथे आले. श्रोता पहाटे येत नाही, हे म्हणणे त्यांनी खोटे पाडले. दिवाळी पहाट तर आता प्रत्येक उपनगरात होते, आमच्याकडेही होते. पण तिथे नाट्यगीते, अभंग आणि भावगीते यांचाच भर असतो. ती मला प्रिय आहेत, तरी वर्षातली ती एकच पहाट असताना त्यात वीस मिनिटांचा रामकलीही बसू नये, याचे वाईट वाटते.

दुसरा प्रश्न जागेचा. गिरगावात ट्रिनिटी क्लब होता, लक्ष्मीबाग होती, ऑपेरा हाउसजवळ प्रा. बी. आर. देवधरांचे संगीत विद्यालय होते. १९२५ मध्ये सुरू झालेल्या त्या विद्यालयात मोठमोठे गवई येत-जात, आणि तिथेच कुमार गंधर्व घडले. ऐकणारी माणसे चार गल्ल्यांतली. कारकून, मास्तर, वकील, सोनार. जेवून सदरा चढवायचा आणि चालत जायचे. हाच मराठी मध्यमवर्ग पुढे जागेच्या भावामुळे रेल्वेच्या रुळांवरून उत्तरेला आणि पूर्वेला सरकत गेला. मध्य रेल्वेच्या बाजूला संगीत त्याच्याबरोबर गेले, किंवा आधीपासूनच तिथे होते. कल्याण गायन समाज १९२६ पासून आहे आणि भास्करबुवा बखल्यांच्या नावाने देवगंधर्व महोत्सव भरवतो. ठाण्यात राम मराठ्यांच्या नावाचा समारोह महापालिका करते. पश्चिम रेल्वेवर पार्ल्याने आपली परंपरा राखली, बोरिवलीपर्यंतही काही ना काही चालते. दहिसरची खाडी ओलांडली की मात्र असे जुने, रुजलेले नाव मला घेता येत नाही.

मीरा-भाईंदरची महापालिका २००२ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेत शहर आठ लाखांवर होते. त्यानंतर किती वाढले ते सकाळी फलाटावर उभे राहिले की कळते. मिठागरे, कोळीवाडे, भाईंदरचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि मग एकामागून एक इमारती, असे हे गाव वाढले. इथे मराठी आहेत, गुजराती आहेत, राजस्थानी, कोकणी, दक्षिणेकडचे, उत्तरेकडचे आहेत. म्हणजे हवेलीसंगीत ऐकलेले कान आहेत आणि कीर्तन ऐकलेलेही. २०२२ मध्ये महामार्गाच्या बाजूला लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह उभे राहिले, ही आनंदाची गोष्ट झाली. पण नाट्यगृह बांधून गाण्याची सवय लागत नाही. आणि खयालाला हजार खुर्च्यांचे घर लागतही नाही.

हे मला खरे कळले ते नवघर रोडवरच्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. यजमान निवृत्त शिक्षक. दिवाणखान्यातला सोफा जिन्यात नेऊन ठेवला होता, आतल्या खोलीपर्यंत सतरंज्या आणि चपलांचा ढीग थेट लिफ्टपर्यंत. पस्तीसेक माणसे. गायिका तरुण, नाव अजून कुठल्या मोठ्या जाहिरातीत न आलेले. ध्वनिक्षेपक नव्हता. पंखा बंद केला, कारण पंख्याच्या घरघरीत तंबोरा लागेना. दोन तंबोरे होते. तिने घोडीवरच्या तारेखालचा दोरा किंचित सरकवला, जवारी खुलली आणि खर्जाच्या तारेतून गंधार उमटू लागला. स्वयंभू गंधार हा शब्द मी पुस्तकांत वाचला होता. तो कोणी न वाजवता, खोलीच्या हवेतून येताना त्या दिवशी ऐकला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता, कोणी हलेना. मग तिने पूरियाचा निषाद लावला आणि बराच वेळ तिथून हललीच नाही. षड्ज कधी येतो याची वाट सगळी खोली पाहत होती.

मोठ्या सभागृहात हेच का घडत नाही? कलाकार तेच असतात. पण तिथे गाणाऱ्याच्या तोंडापासून माझ्या कानापर्यंतच्या वाटेत यंत्रे बसलेली असतात. तबला गळ्यावर चढतो. तंबोऱ्याची जागा इलेक्ट्रॉनिक डबीने किंवा फोनने घेतलेली असते, आणि शेजारी खरे तंबोरे शोभेला धरलेले असले तरी त्यांच्यापुढे माइक नसतो. अशा आवाजात बारीक श्रुतीचे काम पोचत नाही, जोरकस तान पोचते. त्यामुळे गायकही तान देतो, टाळ्या पडतात, पुढच्या वेळी आणखी लवकर देतो. बढतीला लागणारा वेळ आधीच सत्कारांनी आणि प्रायोजकांच्या मनोगतांनी खाल्लेला असतो. परवाच एका मैफलीत गायकाला पाऊण तास मिळाला आणि भाषणांना चाळीस मिनिटे. विलंबित एकतालाची चार आवर्तने झाली नाहीत तोच द्रुत बंदिश सुरू झाली. त्या गायकाचा दोष मी कसा काढू?

साथीचीही तीच गत. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला बंदी घातली होती. आज उलट पेटी सर्वत्र आहे आणि सारंगी शोधावी लागते. ध्रुपद आणि रुद्रवीणा वर्षातून एखाद्या ठरावीक समारोहापुरत्या उरल्या. वाद्ये करणारे हात मात्र आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात गाणे होते. जमिनीवर मांडी घालून, तिकिटाशिवाय, शेजारी कोण बसले आहे ते न विचारता लोक ऐकतात. संगीताची तब्येत पाहायची तर मी मुंबईच्या महोत्सवांआधी तिथे जाऊन पाहीन.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला राहते. तिच्याशी बोलताना मला एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. परदेशात गाणे ऐकायला किती लांब जावे लागते, म्हणून मी तिची कीव करायचो. तीही दीड-दोन तास गाडी चालवत जाते. पण जिथे जाते ते बहुधा कोणाच्या तरी घराचे तळघर असते. चाळीस माणसे, डब्यांतून आणलेले जेवण, गालिच्यावर बैठक, गायक हाताच्या अंतरावर. शनिवार असल्याने परतायची घाई नाही. भैरवी ती पूर्ण ऐकते, नंतर गायकाशी बंदिशीबद्दल बोलते. ब्रिटनमधला दरबार महोत्सव २००६ मध्ये सुरू झाला आणि तिथे सकाळची सत्रेही होतात. तोडी ऐकायला लोक थंडीतून येतात. परदेशातल्या रसिकांनी मोठ्या शहरांतला झगमगाट तेवढा उचलला, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात गिरगावची बैठक त्यांनी तिकडे नेली आणि आम्ही इथे, तिच्या जन्मगावापासून चाळीसेक किलोमीटरवर, तिला मुकलो. परदेशात राहणाऱ्या रसिकाला जे पदरमोड करून उभे करावे लागते, ते भाईंदरच्या रसिकालाही करावे लागणार आहे. अंतर दोघांनाही आहे. त्याने ते मान्य केले, आम्ही अजून करत नाही.

श्रोतेच नाहीत, ही सबब मला पटत नाही. आमच्या एका चौकात गाण्याचे, पेटीचे, तबल्याचे तीन वर्ग आहेत. मुले गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा परीक्षा देतात. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही नेटाने पाठवतात. एका मुलीने मला भूपाच्या आठ ताना पाठ म्हणून दाखवल्या, एकही चुकली नाही. भूप गाताना कोणाला समोर बसून ऐकलेस का, म्हणून विचारले तर ती गोंधळली. तेरा वर्षांची ती मुलगी एकाही मैफलीला गेलेली नाही. आईवडिलांना रात्री अकराला लोकलच्या गर्दीतून तिला आणणे जमत नाही, आणि त्यांचे चूक नाही. वामनराव देशपांडे व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. त्यांनी ‘घरंदाज गायकी’ लिहिली ती आयुष्यभर समोर बसून ऐकले म्हणून. या मुलीच्या पिढीतून असा ऐकणारा कसा निर्माण होणार?

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. मोठे महोत्सव आहेत तसे राहोत, मी जाईन. पण मीरा-भाईंदरमध्ये महिन्यातून एक बैठक हवी, रविवारी सकाळी सात वाजता, सोसायटीच्या सभागृहात. ती सभागृहे वाढदिवसांखेरीज रिकामीच असतात. चार सतरंज्या, दोन तंबोरे, पेटी, तबला आणि पस्तीस माणसे पुरेत. माणशी दोनशे रुपये काढले तरी सात हजार होतात. तरुण कलाकाराचे आणि साथीदारांचे मानधन त्यात अपुरे पडेल, तिथे दोन-चार जणांनी भर घालावी. सत्कार नको, निवेदक नको. मुलांना पुढे बसवावे. तोडी ध्वनिक्षेपक न लावता गायली की त्याच्या परवानगीचाही प्रश्न उरत नाही.

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगनंतरचा विषय म्हणून मी हे मांडणार आहे. तुम्ही तुमच्या सोसायटीत मांडा.