हाताला न लागणारी गाठ : स्थाननिश्चितीच्या पद्धतींच्या तुलनेचा निकष

स्तनातील जी गाठ हाताला लागत नाही, केवळ क्ष-किरणचित्रात वा सोनोग्राफीत दिसते, ती काढावयाची तर शस्त्रवैद्याला तिची जागा अगोदर दाखवून द्यावी लागते. यासाठी प्रचलित असलेल्या पद्धतींची तुलना करणारा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. अकरा यादृच्छिक चाचण्या तपासून त्याने निर्णय दिला तो असा की, कोणतीही एक पद्धत निश्चितपणे सरस ठरत नाही आणि तारेचा वापर चालू ठेवण्यास प्रत्यवाय नाही. निर्णय प्रामाणिक आहे. आमचा आक्षेप आहे तो निकषांवर.

गाठ सापडली काय, कापलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त निघाल्या काय, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली काय, हे त्यांतील प्रमुख प्रश्न होत. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु नेमक्या त्याच बाबतींत या पद्धती एकमेकींच्या फार जवळ येतात. त्यांच्यातील खरा भेद खूण करणे आणि शस्त्र चालविणे यांमधील अवधीत आहे. फ्रँक व सहकाऱ्यांनी १९७६ साली वर्णिलेली आकडीची तार घातली म्हणजे शस्त्रक्रिया बहुधा त्याच दिवशी उरकावी लागते. तारेचे टोक अंगाबाहेर राहते व तार सरकण्याचे भय असते. मिलानमध्ये १९९६ पासून रूढ झालेल्या पद्धतीतील टेक्नेशियमचा अर्धायुःकाल अवघा सहा तासांचा. आयोडीन-१२५ च्या बीजाचा तोच काल सुमारे साठ दिवसांचा. मात्र प्रत्येक बीजाचा हिशेब ठेवावा लागतो. चुंबकीय बीजाला किरणोत्साराचे बंधन नाही.

हा अवधी गौण का मानू नये, हे काळाचौकीहून फार दूर नसलेल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे पाहिले असता ध्यानात येते. परगावाहून येऊन धर्मशाळेत उतरलेल्या स्त्रीच्या दृष्टीने चित्रण-विभाग व शस्त्रक्रियागृह यांची वेळ एकाच दिवशी जुळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

याच संस्थेच्या संशोधकांनी १९९८ साली मुंबईत आरंभिलेल्या चाचणीत १,५१,५३८ स्त्रिया होत्या. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानेच तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकंदर मृत्यूंतील घट संख्याशास्त्रीय कसोटीस उतरली नाही. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत मात्र ती सुमारे ३० टक्के भरली. आपल्याकडे रोग हाती येतो तो पुष्कळदा असा, बोटांखाली. मग स्थाननिश्चितीचा प्रश्न उरतो कोठे?

तो उरतो केमोथेरपीनंतर. प्रथम ठसठशीत लागणारी गाठ औषधाने विरते. तिची जागा मात्र काढावयाचीच असते. म्हणून खूण उपचारापूर्वी, म्हणजे कित्येक महिने आधी, करून ठेवावी लागते. येथे टेक्नेशियम निरुपयोगी. आयोडीन क्षीण होत जाते. आणि चुंबकीय बीज एम.आर.आय. चित्रात काळा डाग पाडून, गाठ किती विरली हे पाहण्याच्याच आड येते. मुख्यतः मॅमोग्राफीत प्रथमच आढळलेल्या सूक्ष्म विकृतींवर केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष या रुग्णांना जसेच्या तसे लावणे युक्त नव्हे.

कोळशाच्या पुडीच्या द्रावाने खूण करण्याची जुनी, स्वस्त रीत या कामी उपयोगी पडण्याजोगी आहे. ती कित्येक आठवडे टिकते. तिला परवाना लागत नाही. खुणेचा अंश मागे राहिल्यास पुढील चित्रांत संशयास्पद छाया उमटू शकते, हा तिचा दोष. तथापि उपरोक्त आढाव्याला निष्कर्ष काढता आले ते तारेच्या तुलनेत दोन किरणोत्सारी पद्धतींपुरतेच. कोळशाची बाजू तेथे निर्णयापर्यंत पोहोचलीच नाही.