नोटेवरचा देव आणि ‘आम्ही’ म्हणजे कोण?

राज्य आणि धर्म यांच्या फारकतीबद्दल तात्त्विक बोलणं सोपं असतं. आज एक छोटी कसोटी घेऊ. अमेरिकेची एक डॉलरची नोट. तिच्यावर छापलेलं असतं, ‘इन गॉड वुई ट्रस्ट’.

हे वचन घटनाकारांनी दिलं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. यादवी युद्ध चालू असताना १८६१ साली एका पाद्रीबुवांनी अर्थमंत्री सॅल्मन चेस यांना पत्र लिहिलं, की नाण्यावर देवाचा उल्लेख हवा. १८६४ मध्ये दोन सेंटच्या नाण्यावर हे वचन आलं. पुढे शीतयुद्धात, ‘निरीश्वर’ कम्युनिस्टांहून आपण वेगळे हे दाखवायला, १९५५ च्या कायद्यानं ते सगळ्या चलनावर आवश्यक केलं. १९५६ मध्ये ते राष्ट्रीय बोधवाक्य झालं. म्हणजे दोन्ही वेळा भीतीचा काळ होता, हे ध्यानात घ्या.

आता न्यायालय काय म्हणालं? १९७० साली अ‍ॅरोनो खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं ठरवलं, की हे वचन देशभक्तीपर, समारंभापुरतं आहे. राज्यानं धर्माला आश्रय देण्याशी त्याचा संबंध नाही. माझा आक्षेप इथं आहे. हा तर उभयतोपाश झाला! वचनाला धार्मिक अर्थ असेल, तर पहिल्या घटनादुरुस्तीशी त्याचा झगडा आहे. अर्थ नसेल, तर देवाचं नाव निव्वळ नक्षी म्हणून वापरलं, असं होतं. श्रद्धावानानं यावर समाधान मानायचं? थिओडोर रूझवेल्ट काही नास्तिक नव्हते. पण नाण्यावर हे वचन म्हणजे देवाच्या नावाची अप्रतिष्ठा, असं त्यांनी १९०७ मध्ये सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी काँग्रेसनं कायदा करून ज्या नाण्यांवरून ते गेलं होतं त्यांवर ते परत आणलं.

कुणी म्हणेल, “अहो, नोट खिशात ठेवायची, वाचतो कोण?” बरोबर, उपद्रव लहान आहे. पण त्या वचनातला ‘वुई’ बघा. इंग्रजीत तो शब्द संदिग्ध आहे. मराठीत भाषांतर करायला बसलं की निवड करावीच लागते. ‘आमचा देवावर विश्वास आहे’ म्हटलं, तर ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपला’ म्हटलं, तर त्याला न विचारताच आत ओढला. नास्तिक नागरिक, किंवा ईश्वर न मानणारा बौद्ध, कर दोन्हीकडे सारखाच भरतो. एका अर्थानं तो पाहुणा ठरतो, दुसऱ्या अर्थानं त्याच्या तोंडी परकी कबुली घातली जाते.

राज्याला ‘आम्ही’ म्हणायचा अधिकार आहे. करारात, कायद्यात, युद्धात ते तसं बोलतंच. श्रद्धेच्या बाबतीत मात्र तो अधिकार ज्याचा त्याच्याकडे राहावा. फारकतीचा अर्थ एवढाच आहे, आणि तो देवाच्या विरोधात नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.