रेशमी रुमालावरील जपानी काष्ठमुद्रा

कोटाच्या वरच्या खिशात शोभेसाठी खोवावयाच्या रेशमी रुमालावर होकुसाई, हिरोशिगे प्रभृती जपानी चित्रकारांची काष्ठमुद्राचित्रे छापण्याची प्रथा आता परिचित झाली आहे. श्रेष्ठ कलाकृती बाजारात उतरवून तिचे अवमूल्यन केले जाते, असा आक्षेप या प्रथेवर सहज घेता येतो. परंतु तो टिकणारा नाही. ‘उकियो-ए’ हा चित्रप्रकार मुळातच बाजारातला. चित्रकाराने रेखाटावे, कोरणाऱ्याने रानचेरीच्या फळीवर कोरावे, छापणाऱ्याने कागदावर उतरवावे आणि प्रकाशकाने विकावे, अशी त्याची रीत होती. हिरोशिगेने तर हातपंख्यांसाठीही पुष्कळ चित्रे रचली. १७६५ च्या सुमारास हारुनोबूच्या काळात बहुरंगी छपाई रूढ झाली, तेव्हा अशा चित्रांना ‘निशिकि-ए’, म्हणजे किनखाबी चित्रे, हे नाव मिळाले. रेशमाची उपमा त्या कलेने आपण होऊनच स्वीकारली होती.

तेव्हा खरा प्रश्न उपयोगाचा नसून आधारद्रव्याचा आहे. होकुसाईचे ‘महालाट’ या नावाने ओळखले जाणारे चित्र (सुमारे १८३१) जेमतेम २५ सेंटिमीटर उंच व ३८ सेंटिमीटर रुंद आहे. त्यातील फेसाचा शुभ्रपणा रंगाने आणलेला नाही. तो न छापलेल्या कागदाचा आहे. हिरोशिगेच्या कान्बारा येथील हिमसंध्येतही बर्फाचे काम कागदच करतो. सारांश, या चित्रांत कागद हा पार्श्वभाग नसून एक रंग आहे. पंख्यासाठी रचलेले चित्र पंख्याचा आकार जाणून रचलेले असते. आडवे चित्र चौकोनी रुमालात बसविताना मात्र त्याची एक बाजू कापावी लागते, किंवा वर-खाली परकी चौकट जोडावी लागते. पुढे घडी पडली म्हणजे खिशाबाहेर केवळ एक कोपरा उरतो आणि लाट व फूजी पर्वत यांच्या आकारांतील ताण, जो या रचनेचा प्राण, तोच नाहीसा होतो.

आधारद्रव्याचा हा प्रश्न जसा कागदाचा तसाच रेशमाचाही आहे, आणि तेथे तो विदर्भाला जवळचा होतो. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा–आरमोरी परिसर हा टसरचा, म्हणजे स्थानिक बोलीतील कोशाचा, प्रदेश. तुतीच्या पानांवर घरात वाढणाऱ्या किड्याचे हे रेशीम नव्हे. ऐन व अर्जुन यांच्या उघड्या झाडांवर किडे वाढतात. पाखरांपासून आणि मुंग्यांपासून त्यांची राखण करावी लागते. यातून निघणारा धागा मधासारखा, तांबूस-पिवळसर असतो. त्याची जाडी सर्वत्र सारखी नसते आणि तुतीच्या रेशमाइतक्या सहजपणे तो रंग घेत नाही.

अशा कापडावर ‘महालाट’ छापावयाची झाल्यास दोनच मार्ग उरतात. एक तर टसरचा नैसर्गिक वर्ण घालवून ते पांढरे करावे, अथवा फेसाच्या जागी पांढरा रंग चढवावा. पहिल्या मार्गात टसर टसर राहत नाही. दुसऱ्यात होकुसाईने रिकामी सोडलेली जागा भरली जाते. दोन्हींत अरण्यात राखण करणाऱ्याचे आणि सूत काढणाऱ्याचे श्रम छपाईखाली झाकले जातात.

याच प्रदेशातील करवती किनार येथे उद्बोधक ठरते. टसरच्या अंगाला सुती किनार जोडताना तीन धोट्यांच्या साहाय्याने सूत एकमेकांत गुंतविले जाते आणि करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. ही नक्षी कापडावर चढविलेली नसते. ती कापडाबरोबरच जन्मते. बाह्यतः होकुसाईशी तिचे काहीही साम्य नाही. परंतु द्रव्याला बोलू देण्याची जी शिस्त त्याच्या कोऱ्या कागदात आहे, तीच येथे धाग्यात आहे.

यावरून टसरच्या रुमालावर चित्र असूच नये, असा निष्कर्ष काढणे अतिरेकाचे होईल. चौकोनासाठी आणि घडीसाठी रचलेले, कापडाचा मधाळ वर्ण सायंकाळच्या आकाशासारखा मोकळा ठेवणारे चित्र त्यावर निश्चितच शोभेल. मात्र ते जपानी चित्राची नक्कल नसेल. जपानी काष्ठमुद्रेपासून विदर्भाच्या विणकराने आणि छपाई करणाऱ्याने काही घ्यावयाचे असेल, तर ते लाट किंवा पर्वत नव्हे. काय छापावयाचे नाही, हे ठरविण्याचा तिचा विवेक होय.