बर्फ निसरडा का? पुस्तकी उत्तराची तपासणी

बर्फावर स्केटिंग करणारा माणूस इतक्या सहज का घसरत जातो, या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर अनेक पुस्तकांत आढळते. स्केटच्या पात्याच्या दाबामुळे बर्फाचा द्रवणांक उतरतो, पात्याखाली पाणी होते, ते वंगणाचे काम करते आणि पाते पुढे सरकले की पुन्हा गोठते. पुरावा म्हणून बर्फाच्या लादीतून वजने टांगलेली तार आरपार जाण्याचा, म्हणजे पुनर्हिमायनाचा, प्रयोग सांगितला जातो. उत्तर सुटसुटीत आहे आणि परीक्षेत गुणही मिळवून देते. आमचा आक्षेप असा, की त्यातले आकडे कोणी तपासत नाही.

तत्त्वाबद्दल वाद नाही. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे दाब वाढला की कमी जागा व्यापणाऱ्या अवस्थेला, म्हणजे पाण्याला, अनुकूल स्थिती निर्माण होते. जेम्स थॉमसन यांनी १८४९ मध्ये हे गणिताने मांडले. त्यांचे बंधू विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५० मध्ये ते प्रयोगाने पडताळले. परंतु परिणाम किती? दाब एका वातावरणाने वाढला तर द्रवणांक केवळ ०.००७५ अंश सेल्सिअसने उतरतो.

आता हिशेब करू. ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस एका पायावर उभा आहे आणि पात्याचा ३ मिमी रुंद व ५ सेंमी लांब भाग बर्फाला टेकला आहे, असे धरू. क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर, म्हणून दाब सुमारे ४० वातावरण. द्रवणांकातील घट ०.३ अंश! स्केटिंगच्या मैदानातील बर्फ मात्र शून्याखाली काही अंश थंड ठेवलेला असतो. तोच माणूस साध्या बुटात असेल, तर तळव्याच्या १५० चौरस सेंटिमीटरवर दाब अर्ध्या वातावरणाहूनही कमी भरतो आणि घट ०.००३ अंशाच्या आसपास राहते. तरीही तो घसरून पडतोच.

मग खरे कारण कोणते? १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूजेस यांनी घर्षणाच्या उष्णतेने बर्फाचा पातळ थर वितळतो, हे दाखवले. पण घर्षणासाठी हालचाल हवी. बर्फ तर स्थिर उभ्या माणसालाही निसरडा वाटतो. येथे मायकेल फॅरडे आठवतात. बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही पाण्यासारखा पातळ थर असावा, असे त्यांनी १८५० मध्येच सुचवले होते. पृष्ठभागावरील रेणूंना वरच्या बाजूने बांधून ठेवणारे शेजारी नसतात, म्हणून ते अधिक सैल असतात. असा थर असल्याचे पुढे क्ष-किरणांसारख्या साधनांनी दिसून आले. यांपैकी कशाचा वाटा किती, यावर संशोधन अजून चालू आहे.

तारेचा प्रयोग खोटा आहे, असे आम्ही म्हणत नाही. वर्गात आणलेली लादी शून्य अंशावरच, वितळू लागलेली असते. तेथे द्रवणांकातील अल्पशी घटही पुरते. शिवाय तांब्याच्या तारेची बाहेर लोंबणारी टोके वर्गातील उष्ण हवेची उष्णता बर्फात नेतात, हे सहसा सांगितले जात नाही. म्हणून शिक्षकांनी एक जोडप्रयोग करावा. एकाच लादीवर सारख्या जाडीची तांब्याची तार आणि नायलॉनचा दोरा ठेवून दोन्हींना सारखी वजने टांगावीत. दाब सारखाच आहे. सारे काही दाबावर अवलंबून असेल, तर दोन्ही बरोबरीने खाली उतरायला हवेत. प्रत्यक्षात तार पुढे जाते, कारण तांबे उष्णतेचे सुवाहक आहे.

पाठ्यपुस्तकातून दाबाचे तत्त्व काढून टाकावे, अशी आमची मागणी नाही. स्केटिंगचे उदाहरण मात्र त्याखालून काढावे, किंवा वरचा हिशेब स्वाध्यायात घालावा. नववी-दहावीच्या मुलांना तो सहज करता येतो. पुस्तकातले उत्तर आपल्याच वहीत तपासून पाहण्याची संधी त्यांना फार क्वचित मिळते.