अजिंठ्यात कान कुणाकडे द्यायचा?

पहिल्या लेण्यात गाइडने बॅटरीचा झोत बुद्धाच्या चेहऱ्यावर एका बाजूने टाकला, मग दुसऱ्या, मग खालून. चेहऱ्यावरचा भाव खरंच बदलला. आत्या थक्क, मीही. नंतर चार हरणांत एकच डोकं असलेला खांब, आणि ‘चला पुढे’. पद्मपाणीच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर.

मागच्या खेपेला मी एकटीच, कानात रेकॉर्डिंग लावून हिंडले होते. त्यात शतकं होती, वाकाटक राजा हरिषेण होता, हातांच्या मुद्रांची नावं होती. डोळ्यांना मात्र काहीच काम नव्हतं. निवेदन पुढच्या जातकावर पोचायचं आणि मी अजून आधीच्या भिंतीशी. माणूस निदान नजर कुठे लावायची ते सांगतो. म्हणून माझं मत गाइडलाच, पण दहाव्या लेण्यापर्यंतच.

तिथे त्याने जॉन स्मिथची गोष्ट रंगवली. १८१९, शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी, खांबावर कोरलेलं त्याचं नाव. ते आज आपल्या डोक्याच्या वर का, तर तेव्हा लेणं ढिगाऱ्याने भरलेलं होतं, हेही छान सांगितलं. आत्याने विचारलं, “पण हे खोदायला पैसे कुणी दिले?”

“राजे लोक, मॅडम.”

इथे मी बिनसले. सोळावं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवलं. आणि या दहाव्याच्या दर्शनी भागावर तर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात एक ओळ आहे: वासिठीपुत कटहादी नावाच्या माणसाने हा भाग दान दिला. दर्शनी भागाला तिथला शब्द आहे ‘घरमुख’. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याखालूनच आम्ही आत शिरलो होतो आणि कुणी मान वर केली नव्हती. माझ्या रेकॉर्डिंगमध्येही ती ओळ नव्हती, हे कबूल करायला हवं.

फ्रीमन टिल्डन या अमेरिकन लेखकाने १९५७ सालीच बजावलं होतं की नुसती माहिती म्हणजे उलगडा नव्हे. बघणाऱ्याच्या स्वतःच्या जगण्याशी ती कुठेतरी जोडली गेली पाहिजे. स्मिथ आणि त्याची शिकार आत्याशी कुठे जोडणार? ‘घरमुख’ जोडला गेला असता.

परतीच्या बसमध्ये मी तिला तो शब्द सांगितला. अर्थ सांगायच्या आत म्हणाली, “म्हणजे घराचं तोंड. अगं, मग तिथेच का नाही सांगितलंस?”