निरोपाचा अंक

यंत्रें व साधनें यांविषयीं लिहिणाऱ्या नियतकालिकाचें आयुष्य स्वभावतःच थोडें असतें. आज जें नवें म्हणून वाखाणावें तें चार वर्षांत अडगळींत पडतें, आणि त्याजवर लिहिलेलें पानही त्याबरोबर जुनें होतें. म्हणून अशा लेखनाची परीक्षा करतांना त्याचा आरंभ पाहून भागत नाहीं. आपलें काम संपलें हें त्यास वेळेवर उमगलें काय, व वाचकांचा निरोप त्यानें कसा घेतला, हेंही पाहावें लागतें. या दृष्टीनें अमेरिकेंतील 'होल अर्थ कॅटलॉग'चा शेवट आम्हांस विचारणीय वाटतो.

स्ट्यूअर्ट ब्रँड यांनीं १९६८ सालीं कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथून हा कॅटलॉग काढला. नांव सूचिपत्राचें असलें तरी तें दुकानदाराचें सूचिपत्र नव्हे. घरबांधणी, शेती व सुतारकाम यांपासून इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रापर्यंत कोणतें साधन किंवा कोणतें पुस्तक उपयोगी आहे, तें कोठें व किती किंमतीस मिळतें, हें त्यांत थोडक्यांत सांगितलेलें असे. वाचकही आपले अभिप्राय पाठवीत व ते छापले जात.

खप वाढत असतांनाच १९७१ मध्यें 'लास्ट होल अर्थ कॅटलॉग' बाहेर पडला. शेवट नांवांतच जाहीर होता. आपला इतिहास व जमाखर्च त्यांत दिला होता, आणि असा ग्रंथ कसा सिद्ध करावा हेंही वाचकांस सांगितलें होतें. त्याच वर्षीं जूनमध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें समाप्तीचा समारंभ झाला, व जमलेल्या मंडळींपुढें २०,००० डॉलर ठेवून त्यांचा विनियोग त्यांनींच ठरवावा असें सांगण्यांत आलें. पुढील वर्षीं या ग्रंथास नॅशनल बुक अवॉर्ड मिळालें.

येथें एक आक्षेप येतो. १९७४ मध्यें ब्रँड यांनीं 'होल अर्थ एपिलॉग' काढला, व १९८० त आणखी एक कॅटलॉग. मग हा निरोप नाटकमंडळीच्या 'अखेरच्या प्रयोगा'सारखाच म्हणावा काय? एपिलॉगपुरता हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. घडण तीच, मांडणी तीच, केवळ नांव निराळें. परंतु त्याच १९७४ मध्यें त्यांनीं सुरू केलेल्या 'कोइव्होल्यूशन क्वार्टर्ली' या त्रैमासिकाची गोष्ट वेगळी. साधन कोठें मिळेल हा जुना प्रश्न तेथें मागें पडला. १९७५ त जेम्स लव्हलॉक व लिन मार्ग्युलिस यांचा गाया सिद्धान्तावरील लेख त्यांत आला. पृथ्वीचें वातावरण व तिजवरील जीवसृष्टि यांचा संबंध काय, असा विषय आतां वाचकांपुढें होता. नवा आरंभ तो हाच. प्रश्न बदलल्यावांचून नांव बदलणें म्हणजे जुन्याच घरास रंग देणें होय.

उलट 'बाइट' मासिकाचें पाहा. १९७५ सालीं निघालेल्या या मासिकानें घरगुती संगणकाच्या आरंभापासूनचा काळ वाचकांस समजावून दिला. मालकी बदलली, आणि जुलै १९९८ चा अंक शेवटचा ठरला. तें त्याच्या लेखकांनीं वा वाचकांनीं ठरविलें नव्हतें. तेवीस वर्षांच्या स्नेहाचा असा शेवट वाचकांवर अन्याय करणारा आहे, असें आम्ही म्हणतों.

आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. नवें सुरू करतांना जुनें पुसून टाकण्याचा मोह आजच्या लेखकास फार होतो, कारण कागदाहून आजचें लेखन पुसणें सोपें. 'होल अर्थ'चीं जुनीं प्रकाशनें २०२३ मध्यें सर्वांस विनामूल्य वाचण्यास खुलीं करण्यांत आलीं. त्यांतील किंमती आज निरुपयोगी आहेत, पत्ते बदललेले आहेत. तथापि एक पिढी आपल्या हातांनीं काय करूं पाहत होती हें त्याच पानांवरून कळतें. लेखकानें नवी पाटी खुशाल घ्यावी. जुनी मात्र फोडूं नये. तिजवर वाचकांचींही अक्षरें असतात.